मुक्कामाचा हक्क : माळरान, वाडा आणि तांडा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा असा आग्रह असे की इतिहास शिकवताना राजांच्या नावांबरोबर रस्त्यांची, बाजारांची आणि विहिरींचीही नावे सांगावीत. त्या आग्रहाला स्मरून मी आजचा विषय निवडला आहे. मी आयुष्यभर मराठी भाषा आणि साहित्य शिकवले. त्यामुळे इतिहासात शिरण्याची माझी वाट शब्दांमधून जाते, हे आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

प्रश्न साधा आहे. जी जमीन आपल्या मालकीची नाही, जिचे भाडे आपण देत नाही, अशा सर्वांच्या जमिनीवर एक रात्र, चार रात्री, पंधरा रात्री काढण्याचा माणसाला काही हक्क असतो काय? आपल्या दख्खनमध्ये तो कधी होता काय? आणि असल्यास तो गेला कोठे?

१

जुन्या मराठी दप्तरात गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे लागवडीची जमीन. परंतु गावाचा नकाशा एवढ्यावर संपत नाही. पांढरी आणि काळी यांच्या पलीकडे तिसरा एक प्रदेश असतो. माळ, कुरण, गायरान, पडीक, रान अशी त्याची नावे. आपल्या भागातले कानडी शेजारी त्याला गोमाळ म्हणतात. त्या जमिनीला धारेकरी नव्हता, पण ती निर्जन किंवा बेवारस मात्र कधीच नव्हती. गुरे तेथे चरत, सरपण तेथून येई, जत्रा तेथे भरे, आणि बाहेरून येणारा माणूस तेथेच उतरे.

या उतरण्यासाठी मराठीने किती शब्द राखले आहेत ते पाहा. मुक्काम हा अरबीतून आलेला. तळ, पडाव, छावणी, पाल, राहुटी, बिऱ्हाड. यातला ‘वाडा’ हा शब्द मला सर्वांत बोलका वाटतो. शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे वाडा म्हटले की दिंडीदरवाजा, चौक आणि सोपा उभा राहतो. मेंढपाळ धनगरांच्या तोंडी मात्र वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा समूह आणि त्याचा तळ. एकाच शब्दात स्थिर आणि चल अशी दोन्ही घरे मावली आहेत. भाषेने तरी त्यांच्यात भेद केला नाही.

दुसरा शब्द ‘उपरी’. मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे असत : वंशपरंपरागत हक्काचा मिरासदार, आणि तसा हक्क नसलेला, बाहेरून येऊन कसणारा उपरी. दोघांचे मानपान सारखे नव्हते, हे उघड आहे. परंतु उपरी हा दप्तरात नोंदलेला एक दर्जा होता. आज आपण ‘उपरा’ म्हणतो तेव्हा त्यात जो हिणकसपणा असतो, तो त्या नोंदीत नव्हता. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे सारा प्रश्न नोंदीपाशीच येऊन थांबणार आहे.

२

मेंढपाळांचा वाडा वर्षभर कसा फिरतो, हे प्रथम पाहू. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, आणि इकडे अथणी, रायबाग, गोकाक हा सारा पट्टा कमी पावसाचा. पावसाळ्यात मेंढरांना तो मानवतो, कारण ओल्या मुलखात त्यांचे खूर कुजतात. दिवाळीनंतर तेथला चारा सरू लागला की वाडे पश्चिमेकडे, कोकणाकडे किंवा नद्यांच्या काठाकाठाने निघतात आणि मृगाच्या सुमारास परततात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर करडे-कोकरे आणि कधी तान्हे मूल. पुढे मेंढरे आणि कुत्री. संध्याकाळी वाघर लावून मेंढरे कोंडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि सकाळी पुढे निघायचे. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

हे फिरणे कोणाच्या मेहेरबानीवर चालले नव्हते. त्याच्या मुळाशी देवघेव होती. सुगी झाल्यावर शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेई. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत्र यांनी जमीन खतावे. बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळे, पुढे रोख पैसे मिळू लागले. म्हणजे दिवसा माळावर चराई, रात्री शेतात मुक्काम, आणि दोन शेतांच्या मधल्या दिवसांत गायरानावर तळ. यातले गायरान काढून घेतले, तर पुढचे शेत गाठणेच अशक्य व्हावे.

या वाटांवरच देवही बसले आहेत. गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवतांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. धनगरांच्या ओव्या आणि कथा ऐकत तो दख्खनभर हिंडला, आणि या देवांचा इतिहास हा रानाच्या व वस्तीच्या संबंधांचा इतिहास आहे, हे त्याने दाखवून दिले. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा किंवा आपल्या रायबाग तालुक्यातल्या चिंचलीची मायाक्काची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चिंचलीला माघात सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडून बैलगाड्या येतात. माणसे गाडीखाली आणि शिवारात झोपतात. तेवढ्या दिवसांपुरता माळ सर्वांचा होतो, आणि त्याबद्दल कोणी कोणाला दाखला विचारत नाही.

३

दुसरे उदाहरण तांड्याचे. लमाण किंवा बंजारा समाजाचे बैलांचे तांडे हे रेल्वेपूर्व हिंदुस्थानातले अवजड मालवाहतुकीचे मोठे साधन होते. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या एकेका तांड्याचे वर्णन करतो. भात, इतर धान्य आणि मीठ हा त्यांचा माल. १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसद बरीचशी याच तांड्यांवर अवलंबून होती.

एवढी वाहतूक स्वस्तात कशी होत असे? याचे उत्तर मुक्कामात आहे. तांडा दिवसाकाठी तीन-चार कोसच चाले, आणि उरलेला वेळ बैल वाटेवरच्या माळावर चरत. चाऱ्याचा खर्च जवळजवळ नसल्यामुळे धान्यासारखा हलक्या किमतीचा मालही शेकडो मैल नेणे परवडे. म्हणजे ज्या गावाने आपल्या माळावर तांड्याला उतरू दिले, त्या गावाला दुष्काळात धान्य आणि एरवी मीठ मिळण्याची सोय त्या उतरू देण्यातच होती. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे वर चढली, आणि तांड्याचे हे प्रयोजन झपाट्याने ओसरले.

तिसरा मुक्काम लष्कराचा. तो लोकांना नेहमीच भयाचा वाटे. म्हणूनच शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मला महत्त्वाचे वाटते. त्या पत्राचा आशय असा : पावसाळ्याची बेगमी आताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांकडे दाणे, गवत, भाजी मागू लागाल, तसे झाले तर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. त्याच पत्रात चुलीच्या आणि चिलमीच्या विस्तवाविषयी ताकीद आहे. इतकेच काय, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज जातात. दुसऱ्याच्या भूमीवर तळ पडला की तळाची जबाबदारी तळ देणाऱ्यावर असते, हे तत्त्व येथे राजाज्ञेच्या रूपाने आले आहे. वाड्याला आणि तांड्याला ते रूढीने शिकवले होते : उभ्या पिकात शिरायचे नाही, पाणवठा नासवायचा नाही, आणि ठरल्या दिवशी उठायचे.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अवघ्या दहा-पंधरा वर्षांत, या व्यवस्थेचा पाया बदलला. तीन कायदे लागोपाठ आले. तिघांचे हेतू वेगळे होते, पण वाड्या-तांड्यांवरचा परिणाम मात्र एकच झाला.

पहिला, १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, तिच्या माणसांची नोंद करायची, हजेरी लावायची, परवान्याविना हलू द्यायचे नाही. कैकाडी, पारधी, लमाणांचे काही गट अशा कितीतरी फिरत्या समाजांच्या कपाळी हा शिक्का बसला. सोलापूर आणि हुबळी येथे त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या शहरांच्या बोलीत आजही रुळलेला आहे. फिरणे हीच संशयाची खूण ठरली.

दुसरा, १८७८ चा वनकायदा. त्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. त्यातले ग्रामवन बहुतांशी कागदावरच राहिले, आणि घाटमाथ्यांची व डोंगरउतारांची जुनी चराई परवान्याच्या आणि दंडाच्या कचाट्यात सापडली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्यावर जो प्रहार केला आहे, तो याच संदर्भात वाचावा. डोंगर आणि पडीक जमिनींबरोबर गायरानेही खात्याने घशात घातल्यामुळे गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती.

तिसरा, १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा. तो आपल्या बेळगाव जिल्ह्यालाही लागू होता. त्याच्या ३७ व्या कलमाने, ज्या जमिनीवर कोणाची मालकी सिद्ध नाही ती सरकारची ठरवली. ३८ व्या कलमाने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. ही तरतूद चांगलीच होती. आज जी गायराने शिल्लक आहेत त्यांच्या कायदेशीर आधाराचे मूळ तेथेच आहे. परंतु ३९ व्या कलमाने सांगितले की या चराईचा हक्क ज्या गावाची ती जमीन असेल त्या गावच्या गुरांपुरताच राहील.

या शेवटच्या वाक्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. वाड्यावर बंदी घालावी असा विचार ते लिहिणाऱ्याच्या मनात असेलच असे नाही. त्याला गावातली भांडणे मिटवायची असावीत. पण ज्या गुरांना गावच नाही, त्यांची नोंद त्या वाक्यात झाली नाही. रूढीने जो हक्क होता तो लिहिलेला नव्हता, आणि लिहिण्याची वेळ आली तेव्हा तो लिहिणाऱ्याला दिसला नाही. उपरी निदान दप्तरात होता. मुक्कामी मात्र दप्तराबाहेर राहिला. पुढे महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्याने चराईची ही मर्यादा तशीच पुढे नेली.

५

जे दप्तरात आले नाही ते साहित्यात आले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही औंध संस्थानातल्या धनगरवस्तीची आणि तेथे आलेल्या तरुण शाळामास्तराची कथा आहे. तीत मास्तर शाळा उभी करतो, तालीम बांधतो, आणि अखेर दुष्काळ पडला की वस्तीच पांगते. शाळा जागेवर राहते आणि माणसे चालू लागतात. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेने या शेवटाचा विचार अवश्य करावा.

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले; दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाल कोठे टाकायचे, किती दिवस, आणि हाकलले तर पुढे कोठे, हा प्रश्न या लेखनाने मराठी वाचकाच्या दारात आणून ठेवला. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला होता. पण कायदा पुसला म्हणून शिक्का पुसला जात नाही, हे या आत्मकथनांनी दाखवले.

६

आता थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांपर्यंत जमीन दिली गेली. जी कोरडी, खडकाळ जमीन कोणी घेतली नाही, ती सरकारकडे उरली, आणि १९७६ च्या कायद्याने ती सरकारकडेच राखावी असे सामान्य धोरण ठरले. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एका खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. त्यातल्या बऱ्याच भागावर कोणीही, शुल्क न भरता, आखलेल्या तळाबाहेर तंबू ठोकून राहू शकतो. सर्वसाधारण नियम असा की अठ्ठावीस दिवसांच्या काळात एका जागी चौदा दिवस. मग तेथून हलायचे, आणि आपला कचरा आपल्याबरोबर न्यायचा. या मोकळीकीची दुसरी बाजूही विसरता कामा नये : ही भूमी मूळच्या रहिवासी जमातींकडून हिरावून घेतल्यानंतरच ‘सार्वजनिक’ झाली.

इंग्लंडातल्या डार्टमूर या माळरानाची कथा अगदी अलीकडची आहे. १९८५ च्या कायद्याने लोकांना तेथे मोकळ्या हवेतील करमणुकीसाठी जाण्याचा हक्क दिला होता. तंबूत रात्र काढणे त्यात येते काय, असा वाद एका जमीनमालकाने न्यायालयात नेला. जानेवारी २०२३ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने लागला, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि २१ मे २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचा मुक्कामही त्या हक्कात बसतो, असा अंतिम निर्णय दिला.

ही दोन्ही उदाहरणे मुख्यतः हौसेने राहणाऱ्यांची आहेत. त्यांना परतायला घर असते. आपल्याकडचा मुक्काम पोटासाठी आहे, हा फरक मोठा आहे. तरीही तेथून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘चौदा दिवस’ हा नुसता निर्बंध नाही. येऊन जाणारा माणूसही या भूमीचा एक हक्कदार आहे, ही त्यात मान्यता आहे. येणे, राहणे आणि जाणे ही तिन्ही त्या नियमाने लिहून ठेवली आहेत.

७

आपल्याकडे असे लिहिण्याचा एक प्रयत्न झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थिर व फिरत्या चराईचा आणि भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. मात्र तो वनजमिनीपुरता आहे. घाट उतरून वाडा ज्या गायरानावर येतो, तेथे तो कायदा संपतो.

त्या गायरानावर आज हक्क सांगणारे अनेक आहेत, आणि त्यांतले सगळेच लबाड नाहीत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत पडीक जमिनीची मागणी होती आणि तिच्यामागे शतकानुशतकांचा अन्याय होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीनांना दिलेले पट्टे आणि शाळा, दवाखाने यांसारखी लोकोपयोगी कामे यांना अपवाद ठेवता येईल असे म्हटले, ते योग्यच होते. परंतु हक्कदारांच्या या यादीत मुक्कामीचे नाव पुन्हा एकदा राहून गेले. उसाखाली आलेल्या काळीत सुगीनंतरचे मोकळे रान उरले नाही, रासायनिक खतांमुळे मेंढरे बसवून घेण्याची गरज कमी झाली, आणि माळाला कुंपणे पडली. वाड्याला वाट आहे, पण वाटेवर उतरायला जागा नाही, अशी ही अवस्था आहे.

सीमाभागातल्या आपल्याला यातली आणखी एक गुंतागुंत जवळून दिसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आणि वाड्याची जुनी वाट दोन राज्यांत विभागली गेली. एकच व्यवसाय आणि एकच दैवत असलेला मेंढपाळ महाराष्ट्रात धनगर म्हणून भटक्या जमातींत मोडतो, तर कर्नाटकात कुरुब म्हणून मागासवर्गाच्या वेगळ्या गटात. लमाण महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहेत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. दाखला मागितला की पत्ता लागतो, आणि पत्ता सांगायचा तर एका जागी राहावे लागते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला. त्यानंतरही प्रश्न बराचसा जागच्या जागी आहे.

या सभागृहातून शिकून गेलेले अनेकजण आज तलाठी, भूमापक, अभियंते, वकील, ग्रामसेवक, शिक्षक आहेत. माझे बोलणे विशेषतः त्यांच्यासाठी आहे. गायरानाची मोजणी होईल, त्यावर सौरऊर्जेचा प्रकल्प, क्रीडांगण किंवा वसाहत प्रस्तावित होईल. यांतल्या काही गोष्टी हव्याच आहेत. तेव्हा एक प्रश्न कागदावर यावा : या माळावर दरवर्षी कोण उतरते, कोणत्या महिन्यात, किती दिवस, आणि पाणी कोठे घेते? गावातल्या कोणत्याही वृद्धाला हे ठाऊक असते. एवढी नोंद ग्रामसभेच्या ठरावात झाली, तर चार-दोन एकरांचा तळ आणि त्याला लागून एक पाणवठा राखणे कोणत्याही गावाला जड नाही.

आणि शिक्षकांना एवढेच सांगायचे आहे : सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि वाड्यावरचे मूल त्यातून वगळलेले नाही. ते मूल आपल्या गावात पंधरा दिवसच असेल. त्या पंधरा दिवसांची हजेरी मांडणारा एक रकाना आपल्या पटावर असावा, आणि पुढच्या गावच्या शाळेला त्याची चिठ्ठी जावी. ज्या हजेरीने एकेकाळी या समाजांना जखडून ठेवले, ती हजेरी या मुलांच्या उपयोगी पडली तर गुरुजींच्या स्मृतीला ते साजेसे होईल.